दिवाळं निघालं तेव्हाचे तुकोबा

नर्सिंगच्या पदवीधर मुलामुलींनो,

उद्यापासून एक प्रश्न वारंवार तुमच्या कानावर पडणार आहे: "सिस्टर, हे माझ्याच वाट्याला का?" अभ्यासक्रमात त्याचं उत्तर नाही. भेटायला येणाऱ्या नातेवाइकांकडे मात्र ते तयार असतं. भोग आहेत, देव परीक्षा बघतोय, जे होतं ते बऱ्यासाठीच. वर दाखला द्यायला तुकोबा आहेतच.

म्हणून तुकोबांविषयीच बोलतो.

1630 साली दख्खनेत पाऊस फिरकला नाही आणि मोठा दुष्काळ पडला. देहूतलं तुकोबांचं खाऊनपिऊन सुखी वाण्याचं घर त्यात बसलं. व्यापार बुडाला, दिवाळं निघालं, अब्रू गेली, पहिली बायको अन्नावाचून गेली. हे कुणा चरित्रकाराने रंगवलेलं नाही. तुकोबांनीच अभंगात सांगून ठेवलंय. आणि पुढे तेच देवाला म्हणतात की दिवाळं निघालं ते बरंच झालं, दुष्काळाने छळलं तेही बरंच झालं.

असं म्हणण्याचा हक्क त्यांचा. बायकोचे दिवस व्हायच्या आत शेजाऱ्याने ओट्यावर बसून हेच ऐकवलं असतं, तर तो निव्वळ दुष्टपणा झाला असता. आणि त्या पहिल्या बायकोचं, रखमाबाईंचं काय म्हणणं होतं? त्यांचा अभंग कुणापाशी नाही.

माझा जीव अडकतो तो मधल्या काळात. विठ्ठलाचं देऊळ पडलं होतं, ते तुकोबांनी उभं करायला घेतलं. एकादशीला कीर्तन करू लागले, पण सुरुवातीला अभ्यासात चित्त नव्हतं, हेही त्यांनीच मोकळेपणाने सांगितलंय. संतांची वचनं पाठ केली. गाणारे पुढे, हे मागे उभं राहून ध्रुपद धरायचे. साक्षात्कार वगैरे पुढचं. आधी दगडमाती आणि पाठांतर. परंपरा सांगते, लोकांकडच्या येण्याची खतं होती त्यांतली निम्मी त्यांनी धाकट्या भावाला, कान्होबाला दिली आणि आपल्या वाटणीची इंद्रायणीत बुडवली. देणेकरीही त्याच दुष्काळात होरपळलेले. दुःखाला अर्थ आला तो मला इथे दिसतो, पुढे ते डोंगरावर जाऊन ध्यान करत, त्यात तितकासा नाही.

त्या डोंगरावर भाकरी घेऊन कोण चढत होतं? आवली, दुसरी बायको. कथेकऱ्यांनी तिला कजाग ठरवून टाकलं. तिच्या भाकरीवाचून तुकोबांचं चिंतन किती दिवस टिकलं असतं, हे कुणी विचारत नाही. तुमचं नातं तिच्याशी आहे.

तुमच्याच पेशातलं एक उदाहरण सांगतो. सिसिली साँडर्स आधी नर्स झाल्या, पुढे डॉक्टर. 1967 साली त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. वेदना शरीराची, मनाची, घरादाराची असते तशी आत्म्याचीही असते, असं त्या मानत. स्वतः श्रद्धाळू होत्या. पण त्यांची पहिली शिस्त काय? मॉर्फिन घड्याळ लावून द्यायचं, कळ उठायची वाट बघत बसायचं नाही. कळ ओसरली की माणूस बोलायला लागतो. मुंबईत वांद्र्याला 1986 पासून शांती अवेदना सदन हे असंच हॉस्पिस आहे. जमलं तर तिथे काही दिवस काम करून या.

तेव्हा कुणी "का" विचारलं तर आधी केसपेपर बघा, औषधाची वेळ टळली तर नाही ना. कूस बदलून द्या. मग स्टूल ओढून बसा. कुणी म्हणेल, पापाचं फळ भोगतोय. वाद घालू नका, मानही डोलवू नका. महिन्याभराने एखादा आपणहून म्हणेल, सिस्टर, या दुखण्याने मला बरंच दाखवलं. मन लावून ऐका. फक्त ते शेजारच्या खाटेवर जाऊन सांगू नका.