एक पेन, दोन अर्थ

चिनी भाषकांची इंग्रजी बोलताना 'ही' आणि 'शी' यांत हमखास गफलत होते, कारण त्यांच्या बोलण्यात तो काय नि ती काय, दोघंही 'ता'च. अमरावती-अकोल्याच्या मुलांना ही अडचण नाही. त्यांची अडचण वेगळी आहे.

आपल्या मराठी 'ए'चा उच्चार एकच. त्यामुळे लिहायचं ते पेन आणि दुखतं तेही पेन. परीक्षा म्हणजे टेस्ट, भाजीची चवसुद्धा टेस्ट. वेस्टचं तर विचारूच नका! पश्चिम, नासाडी आणि बनियन, तिन्ही अर्थ एकाच अक्षरजोडीत कोंबलेले. इंग्रजीत मात्र लेखणीतला 'ए' आखूड, तर दुखण्यातला लांबतो आणि शेवटी 'इ'कडे वळतो: पेऽइन. पश्चिमेसाठी ओठांचा चंबू करायचा. बनियनसाठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे. घरी आरशासमोर करून पाहा, फरक डोळ्यांना दिसतो.

'बॅट'मधल्या स्वराची सोय आपण केली. २००९च्या शासन निर्णयाने 'ॲ' आणि 'ऑ' यांना मराठी वर्णमालेत जागा मिळाली. आखूड 'ए'साठी चिन्ह नाही.

अर्थाचाही एक घोळ आहे. शेजारून वाटीभर साखर उसनी आणली तर 'बॉरो', दिली तर 'लेंड'. आपल्याला दोन्हीकडे 'उसनं' पुरतं.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आहे. म्हणून शिक्षकांना कळकळीची विनंती: इंग्रजी शब्दांवर देवनागरी उच्चार लिहून देऊन थांबू नका. शब्दांच्या अशा जोड्या वर्गात मोठ्यानं म्हणून घ्या, अर्थासकट, रोज पाच मिनिटं.