परीक्षक बाहेरचा हवा

दादरच्या चौपाटीवरून वांद्र्याचा किनारा दिसतो. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे विमान तिथल्या समुद्रात कोसळले. २१३ माणसे गेली.

अशा अपघाताची चौकशी कोणी करावी? दादरच्या लोकलचे उदाहरण घ्या. रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतो. चालवणारा आणि तपासणारा एक नको, म्हणून १९४१ सालीच ही फारकत झाली. आज तो विमान वाहतूक मंत्रालयाकडे आहे. विमानांचे मात्र उलट! नियम पाळायला लावणारे महासंचालनालय आणि २०१२ सालचा अपघात तपास विभाग, दोन्ही त्याच एका मंत्रालयाखाली. २०२४ च्या कायद्यानेही हे बदलले नाही.

गुरुजनहो, आपल्याच वर्गाचे दहावीचे पेपर आपण तपासतो का? मग इथेही परीक्षक बाहेरचा हवा.