पाणी, वीज आणि लोखंड

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



विजेच्या साहाय्याने पाण्याचे विघटन करता येते, हे निकोल्सन आणि कार्लाइल या दोघा इंग्रजांनी १८०० सालीच दाखवून दिले. आपल्याकडेही नांगलच्या खत कारखान्यात १९६१ पासून काही वर्षे भाक्रा धरणाच्या विजेने पाण्यातून हायड्रोजन काढला जात होता. तंत्र जुने आहे. गरज नवी आहे. कोळसा व नैसर्गिक वायू यांच्यावाचून खत आणि पोलाद बनवायचे, तर हायड्रोजन पाण्यातूनच मिळवावा लागेल. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे उद्दिष्ट ठेवले, ते याचसाठी.

या कामात खरी अडचण प्राणवायूच्या बाजूला असते. तेथील क्रिया मंद आहे. एक किलो हायड्रोजनसाठी तत्त्वतः सुमारे ३९ युनिट वीज पुरावी. प्रत्यक्षात ५० च्या आसपास लागते. ही नासाडी कमी करणारा पदार्थ म्हणजे उत्प्रेरक. आम्लधर्मी पटलाच्या यंत्रांत त्यासाठी इरिडियम वापरतात. साऱ्या जगात हा धातू वर्षाला जेमतेम सात-आठ टन निघतो. तोही बहुतांशी दक्षिण आफ्रिकेच्या प्लॅटिनम-खाणींतून. त्याच खाणपट्ट्यात मारिकाना येथे १६ ऑगस्ट २०१२ रोजी वेतनवाढ मागणारे ३४ संपकरी कामगार पोलिसांच्या गोळीबारात ठार झाले. उत्प्रेरकाची निवड ही केवळ रसायनशास्त्राची बाब नाही, ती अशी.

दुसरा मार्ग अल्कलीचा. तेथे निकेल चालते आणि लोखंडही कामास येते. निकेलच्या बॅटऱ्या बनविणारे लोखंडाला विष समजत. कारण ते शिरले की बॅटरी भरताना प्राणवायू सुटून वीज वाया जाई. परंतु येथे तर प्राणवायूच सुटायला हवा! १९८७ साली कॉरिगन यांनी दाखविले की, लोखंडाचा अत्यल्प अंशही ही क्रिया वेगवान करतो. २०१४ साली ओरेगॉन विद्यापीठातील संशोधकांनी सिद्ध केले की, ज्या कर्तृत्वाचे श्रेय निकेलला मिळत होते, ते बव्हंशी अल्कलीतून नकळत आलेल्या लोखंडाचे होते.

मात्र भाबडेपणा नको. लोखंडाचे संयुग एकटे वीज नीट वाहून नेत नाही. त्याला निकेलची साथ लागते. दीर्घकाळ चालल्यावर ते विरघळू लागते, आणि आम्लात तर टिकतच नाही. हे दोष दूर करणे हे आपल्या सार्वजनिक प्रयोगशाळांचे काम आहे, आणि त्यासाठी पैसा मागणे हे आपले.

शिवाय धातू स्वस्त झाला म्हणून इंधन लोकांचे होत नाही. प्रत्येक किलो हायड्रोजनमागे किमान ९ लिटर शुद्ध पाणी खर्च होते. ते कोणत्या गावाच्या वाट्याचे, वीज कोणाच्या जमिनीवरची आणि तयार झालेले खत कोणाच्या शेतात, हे प्रश्न कोणताही उत्प्रेरक सोडविणार नाही. ते आपल्यालाच विचारावे लागतील, आणि कारखाने उभे राहण्यापूर्वी विचारावे लागतील.