तारीख न सांगितलेली रात्र



२०१८ साली आपला अधिक ज्येष्ठ १६ मेला लागला आणि दुसऱ्याच दिवशी रमजानचा पहिला रोजा होता. एका घरी जावयाच्या वाणाची गडबड, शेजारच्या घरी पहाटेच्या सहेरीची. महिना सरला आणि वाटा फुटल्या. सणांनी ऋतू सोडू नये म्हणून आपण अधिक मास धरतो. इस्लामपूर्व अरबही महिने असेच मागेपुढे करत. कुराणाच्या नवव्या अध्यायाने ती चाल मोडली. म्हणून हिजरी वर्ष सौर वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान, आणि रमजान साऱ्या ऋतूंतून फिरत ३३ वर्षांनी जागेवर येतो. १९८५ साली ऐन मे महिन्यात रोजे सुरू झाले, तसे पुन्हा २०१८ साली. मधे, २००० साली, ते थेट डिसेंबरच्या थंडीत होते.

म्हणजे हे पावित्र्य सुगीला किंवा पावसाला बांधलेले नाही. मग ते कशाला बांधलेले आहे?

याचे उत्तर मला शब-ए-कद्रमध्ये सापडते. कुराण या रात्रीला हजार महिन्यांहून श्रेष्ठ म्हणते. हजार महिने म्हणजे सुमारे ८३ वर्षे. एक अख्खे आयुष्यच की! पण तिची तारीख कुठेच दिलेली नाही. रमजानच्या शेवटच्या दहा रात्रींत, त्यातही विषम रात्रींत शोधा, एवढेच सांगितले आहे. आपल्याकडे सव्विसावा रोजा सोडला की त्याच रात्री जागरण करतात, पण ती झाली वहिवाट.

तारीख का नाही, याची हकिगत बुखारींच्या हदीससंग्रहात आहे. पैगंबर ती रात्र सांगायलाच बाहेर आले होते. समोर दोघे भांडत होते, आणि ते ज्ञान काढून घेतले गेले. त्यातही तुमचे भले असेल, असे पैगंबर म्हणाले. भांडणाची किंमत सगळ्यांनी मोजायची, हे मला फार मार्मिक वाटते. आणि भले का, तेही उघड आहे. तारीख कळती, तर उरलेल्या रात्री आपण खुशाल झोपलो असतो. (एकादशीच्या बाबतीत आपले वेगळे काय चालते?)

ही रात्र शोधणारे एतिकाफला बसतात. मशिदीच्या कोपऱ्यात चादरीचा आडोसा, एक उशी, कुराण. नैसर्गिक गरजेशिवाय दहा दिवस बाहेर पाऊल नाही. हनफी परंपरेत मोहल्ल्यातला एक जण बसला तरी सगळ्यांचे कर्तव्य फिटते. कोणीच बसले नाही, तर दोष साऱ्या मोहल्ल्याच्या माथी.

इतक्या साधनेनंतर ईदच्या दिवशी मात्र रोजा धरायलाच मनाई! त्या दिवशी कोणी उपाशी राहू नये म्हणून घरातल्या माणसागणिक फितरा काढतात, तान्ह्या मुलाचाही. तो गरिबाच्या हाती ईदच्या नमाजाआधी पडायला हवा. नंतर दिला, तर तो नुसता दानधर्म ठरतो, असे हदीस सांगते.