गोळीचा हिशेब

गोळी स्वस्त असते. तिचा तपास महाग. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा गोळ्या झाडून खून झाला. २०१४ मध्ये तपास पोलिसांकडून सीबीआयकडे गेला. पुढे पिस्तुलासाठी ठाण्याजवळच्या खाडीचा तळ धुंडाळला. त्यावर साडेसात कोटी गेल्याचं २०२० मध्ये छापून आलं. पैसा आपलाच, आणि तो खर्चायलाच हवा. खुनाच्या तपासात सरकारनं खिसा चाचपू नये. मला सलतो तो वेळ. खून पाहणाऱ्या सफाई कामगारानं २०२२ मध्ये कोर्टात मारेकरी ओळखले. साडेआठ वर्षं त्यानं ते चेहरे मनात सांभाळले. १० मे २०२४ रोजी दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. खाडीचं बिल सरकारी दप्तरात असेल. त्या कामगाराचं कुणी मांडायचं?