पाणी मावळचे, वीज कोणाची?

(वर्धापनदिनी विहारात दिलेले भाषण)



‘स्वच्छ ऊर्जा’ हा शब्द हल्ली रोज कानावर पडतो. कोळसा जाळू नका, हवा तापते, सूर्याची-पाण्याची वीज घ्या. बरोबरच आहे. पण तिच्यात पैसा कोण घालतो, जमीन कोणाची जाते आणि दिवा कोणाच्या घरात लागतो, हे आम्ही विचारणार. कारण हा प्रयोग आपल्याच डोंगरावर शंभर वर्षांमागे होऊन गेला आहे.

आपले भुशीचे धरण रेल्वेने बांधले ते वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून. पायऱ्यांवर भिजणारी मंडळी फार नंतरची. पुढे टाटा कंपनीने लोणावळा, वळवण, शिरवता येथे तलाव केले. १९११ साली लोणावळ्यात कोनशिला बसली. तलावाचे पाणी नळांतून घाटाखाली खोपोलीला सोडायचे, त्यावर चाके फिरवायची, आणि १९१५ पासून ती वीज मुंबईच्या गिरण्यांना. तोवर गिरणी म्हणजे कोळसा, बॉयलर नि चिमणी. भांडवल देशातच उभे राहिले, संस्थानिकांनी नि व्यापाऱ्यांनी घातले. गिरण्यांसारखे रोज वीज घेणारे गिऱ्हाईक समोर होते, म्हणून पैसाही निघाला.

आम्ही गिरणीतली माणसे, तेव्हा एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. गिरण्यांत ही वीज आली, पण विणाई खात्यात आपल्या माणसाला घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, विटाळ होईल म्हणे! आणि पगार तिथेच जास्त. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला.

मुळशीला तर जमिनीच गेल्या. १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढाकाराने मावळ्यांनी सत्याग्रह केला, तरी धरण झालेच. ज्याच्या नावावर जमीनच नव्हती, नुसता राबत होता, त्याचे नाव मोबदल्याच्या कागदावर कसे येणार?

बाबासाहेब १९४२ ते ४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, वीज त्यांच्याच खात्यात. १९४३ साली विजेच्या धोरण समितीपुढे त्यांनी प्रश्न ठेवले: वीज सरकारी असावी की खाजगी, आणि ती स्वस्त नि मुबलक कशी मिळेल. गरिबी हटवायची तर कारखाने हवेत, कारखान्यांना स्वस्त वीज हवी, असा त्यांचा सरळ हिशोब.

आता पुन्हा आपला मावळ. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी करार केला. शिरवता १,८०० मेगावॅट, भिवपुरी १,००० मेगावॅट, खर्च सुमारे १३,००० कोटी रुपये. दुपारी सूर्याची वीज जास्त होते तेव्हा पाणी वर चढवायचे, संध्याकाळी दिवे लागले की खाली सोडून वीज काढायची. योजना चांगली आहे, आम्ही विरोध करीत नाही. पण आसपासच्या वाड्यांना काय मिळणार, कायम नोकऱ्या किती नि कंत्राटी किती, हे ग्रामसभेत कागदावर मागा. तोंडी नको.

घरासाठी २०२४ पासून पंतप्रधान सूर्यघर योजना आहे. एका किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,०००, तीन व त्यापुढे ७८,००० रुपये अनुदान. पण ते पॅनेल बसल्यावर खात्यात येते. आधी पदरचे घाला, नाहीतर बँकेचे कर्ज काढा. शिवाय घर नि छप्पर स्वतःचे हवे. भाड्याच्या खोलीतल्याने काय करायचे? हा प्रश्न आम्ही लेखी विचारणार आहोत, सह्या लागतील. आणि ज्यांचे घर स्वतःच्या नावावर आहे त्यांनी सभा संपल्यावर वीजबिल घेऊन थांबावे, अर्ज भरायला आम्ही इथेच बसतो.