कॅमेरा कुणाच्या हातात?



कलेवर बोल म्हणालात. कला म्हटलं की गोरीपान, घाटदार बाई डोळ्यांपुढं उभी करतात. ती कला त्यांची त्यांना लखलाभ. मी बोलणार झानेले मुहोलींवर.

डर्बनजवळची उमलाझी, काळ्यांची वस्ती. मुहोलींचा जन्म तिथला, १९७२चा. त्याच साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन. आई बेस्टर गोऱ्यांच्या घरी राबली. मुहोली स्वतःला ना बाई म्हणवतात, ना पुरुष.

'बेस्टर' नावाचा २०१५चा त्यांचा फोटो बघा. स्वतःचाच काढलेला. डोक्यावर मुकुट, पण कपडे वाळत घालायच्या चिमट्यांचा! कानांतही चिमटेच. आणि छापताना कातडी आहे त्याहून काळी केलीय. मुद्दाम. काळं म्हणून हिणवता ना? मग हे घ्या, आणखी काळं!

आपल्याकडं १९०१च्या शिरगणतीचा साहेब रिस्ले नाकाच्या मापावरून जातीची पायरी ठरवू पाहत होता. आमचं शरीर, माप त्यांचं. मुहोलींनी मापपट्टीच हिसकावून घेतली.

२००६पासून त्या हातांनी काळ्या लेस्बियन बायांचे, ट्रान्स माणसांचे शेकडो फोटो काढले. प्रत्येकाखाली नाव. नजर थेट आपल्यावर. जी माणसं मेली त्यांच्यासाठी भिंतीवर जागा रिकामी सोडतात. १९९६च्या राज्यघटनेनं या माणसांना हक्क दिले, तरी वस्त्यांतले बलात्कार, खून थांबले नाहीत. घटना कागदावर आणि माणूस उकिरड्यावर, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आणि २००९ साली योहान्सबर्गच्या प्रदर्शनातून मंत्रीणबाई तडक निघून गेल्या. म्हणे, हे अनैतिक! गोऱ्यांच्या पक्षाच्या नव्हत्या त्या. वर्णद्वेषाशी लढलेल्या पक्षाच्याच होत्या.

म्हणून सवाल आपल्यालाच आहे. आपला माणूस छापून येतो कधी? खून झाल्यावर. गटारात गुदमरल्यावर. प्रेताचा फोटो पुरावा आहे, तो छापलाच पाहिजे. पण जिवंतपणी त्याचा चेहरा कुणी छापला? आणि आपल्याच वस्तीतला हिजडा, बाईवर जीव लावणारी बाई, आपल्या मोर्चात कुठं आहेत? का त्यांना पाहून आपणही मंत्रीणबाईंसारखे उठून जाणार?

दोस्तहो, पुढच्या अंकात या माणसांचे फोटो छापा. त्यांना विचारून. खाली नाव घालून. आणि कॅमेरा त्यांच्याच हातात देऊन.